रस्ता विचारायचा होता...

निशी-कासाई, टोकियो

प्रिय मुग्धे,

तिकीटं झाली, म्हणजे काकूंना घेऊन येतेयस हे आता पक्कं, मला रात्री झोपच लागली नाही आनंदाने! पण शेवटी जे लिहिलंयस ना, जपानी लोक अनोळखी माणसाशी बोलतच नाहीत म्हणे, मग हरवलो तर काय, त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावेना म्हणून हे पत्र.

मलाही आधी तसंच वाटायचं. शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर एक्झिट आहेत, तिथे पाऊण तास फिरले आणि शेवटी एकाला मागून गाठून काहीतरी बोलायला गेले तर तो मान खाली घालून निघूनच गेला. फार लागलं गं मनाला. मग ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं की मोठ्या स्टेशनांबाहेर बारमध्ये न्यायला, काही विकायला, कुठल्यातरी पंथात ओढायला लोक असेच अडवतात, म्हणून न थांबायची सवयच लागलेली असते.

तेव्हा समोरून जायचं, थोडं अंतर ठेवून, मॅप हातात उघडा, आणि पहिल्याच वाक्यात काम सांगायचं: 'सुमिमासेन, मिचि ओ किकिताइन देसु गा...' सुमिमासेन म्हणजे 'माफ करा', आणि त्या शेवटच्या 'गा' वर वाक्य अर्धंच सोडायचं. आपण नाही का म्हणत, 'जरा रस्ता विचारायचा होता...' अगदी तेच! हे कळल्यापासून मला ही भाषा जवळची वाटायला लागली. आणि एकदा विचारलंस की बघ, कितीतरी जण स्वतःचं काम सोडून पार दारापर्यंत सोडायला आलेत मला.

कोणीच दिसलं नाही तर कोबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी. टोकियोत १८७४ पासून आहेत. चौकीची पायरी चढायला आपल्याला धास्ती वाटते पण इथे पत्ता सांगणं हे त्यांचं रोजचंच काम आहे, भिंतीवर त्या भागाचा नकाशाच असतो, आणि पाकीट हरवलं तर टोकियोत घरी जायच्या भाड्यापुरते हजार येनपर्यंत उसनेही देतात.

काकूंच्या बाबतीत मात्र मी काय सांगते ते नीट ऐक. ट्रेनमध्ये आपणहून सीट देतील याची खात्री नाही. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल का, म्हातारं समजलो असं वाटेल का, या विचारात इथला माणूस गप्प बसतो, त्याला माणुसकी नाही असं नको समजूस. म्हणून 'हेल्प मार्क' घ्यायचा, म्हणजे मदतीची गरज आहे हे न बोलता सांगणारी, बॅगेला अडकवायची लाल पट्टी, त्यावर पांढरा क्रॉस आणि बदाम. २०१२ मध्ये टोकियोनेच सुरू केला, बाहेरून न दिसणाऱ्या त्रासासाठी, आणि कृत्रिम सांधा बसवलेल्यांनाही आहे, म्हणजे काकूंच्या गुडघ्याला अगदी बरोबर. तोएई सबवेच्या, म्हणजे टोकियो सरकारच्या मेट्रोच्या, स्टेशनात फुकट मिळतो, पहिल्याच दिवशी आपण जाऊन आणू.

तोवर काकूंकडून रोज 'सुमिमासेन' म्हणवून घे, मोठ्याने.

तुझीच,
रेवा