पार्सलवाल्याच्या अनुभवाचा दाखला

मा. संपादक,
स. न.

‘डिलिव्हरीचं काम म्हणजे दुसरं काही मिळेपर्यंत’ अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण मी हे ‘दुसरं काही मिळेपर्यंत’ अकरा-बारा वर्षं करतोय. तेही दुसरं काही मिळालं नाही म्हणून नाही, हे काम मला येतं म्हणून.

२०१४ साली सदाशिव पेठेत सुरुवात केली. पाठीवर बॅग, गाडी थोरल्या भावाची. ४११०३० हा पिनकोड पाठ असून भागत नाही, मारुती पाठ पाहिजेत, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. भिकारदास मारुतीच्या मागे, खुन्या मुरलीधराच्या बोळात, तिकडे नारायण पेठेत पत्र्या मारुतीजवळ. मोबाइलचा नकाशा बोळापर्यंत नेऊन सोडतो, पुढे जिना कोणत्या वाड्यातून चढायचा हे आपलं आपण शोधायचं. बाजीराव रस्ता एकेरी, शिवाजी रस्ता उलट्या बाजूने एकेरी, लक्ष्मी रस्त्याचीही तीच गत. एक पार्सल मागे राहिलं की अख्खा फेरा पुन्हा. म्हणून सकाळी हबवर, म्हणजे पार्सलं जिथून उचलतो त्या केंद्रावर, शेवटचं पार्सल बॅगेत सगळ्यात आधी, तळाला टाकायचं. दुपारी एक ते चार घरांची बेल वाजवायची नाही, हे पुण्यात कुणी सांगावं लागत नाही. त्या वेळात ऑफिसं आणि क्लासेस उरकायचे. वाचकांना ही गंमत वाटेल, पण आमचे पैसे पार्सलमागे मिळतात. दार बंद दिसलं तर त्या पार्सलचे शून्य. तीनदा बंद दिसलं तर ते ‘आरटीओ’ होतं. आमच्याकडे आरटीओ म्हणजे आळंदी रोडचं ऑफिस नव्हे, माल पाठवणाऱ्याकडे परत.

संध्याकाळी रोकड भरायची. सीओडीच्या, म्हणजे दारात पैसे घेऊन दिलेल्या पार्सलांच्या, हिशोबात शंभर रुपये कमी आले तर ते आपल्या खिशातून. पहिल्या वर्षी माझ्या खिशातून बरेच गेले, नंतर मात्र कधीच नाही.

आता मुद्द्याचं. चार वर्षांनी ती कंपनी आमच्या भागातून उठली. एका सकाळी ॲपमध्ये आयडी चालेना. चार वर्षांतली पार्सलं, पहिल्या फेरीत पोचलेली किती, रोकडीत घट किती, ग्राहकांनी दिलेले तारे, सगळं त्या आयडीत होतं. दुसरीकडे गेलो तर तिथल्या टीम लीडरने, वय माझ्या निम्मं, विचारलं, ‘‘आधी कुठे केलंय का काम?’’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘त्याचं काही आहे का?’’ काही नव्हतं. फ्रेशर म्हणून सर्वांत लांबचा रूट मिळाला, दर पार्सलमागे कमी.

करिअर होत नाही ते इथे. काम हलकं म्हणून नाही, केलेलं काम आपल्या नावावर राहत नाही म्हणून. कारकुनाला अनुभवाचा दाखला मिळतो, वेल्डरला आयटीआयचा कागद असतो. आम्ही दर नव्या हबवर पहिलीत.

माझी गाडी पुढे सरकली ती एका ग्राहकामुळे. टिळक रस्त्यावरचे एक कर सल्लागार. पार्सल घेता घेता म्हणाले, ‘‘अहो, तुमच्या बिलातून एक टक्का टीडीएस कापतात ना? मग रिटर्न भरता का?’’ मला वाटायचं रिटर्न म्हणजे श्रीमंतांचं काम. भरलं, कापलेले पैसे परत आले, ते सोडाच. तीन वर्षांची रिटर्नं झाली तेव्हा त्याच कागदांवर बँकेने छोट्या हत्तीसाठी, म्हणजे छोट्या मालवाहू टेम्पोसाठी, कर्ज दिलं. चार वर्षांची मेहनत ज्याने पुसली त्या ॲपपेक्षा आयकर खातं बरं निघालं, असं आजवर कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही.

नव्या मुलांनी चारचाकीचं लायसन्स लवकर काढावं, हेही इथेच सांगतो. ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवर धंदा करताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. हे कुठल्याच हबवर कुणी सांगत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. ॲपवर काम करणाऱ्यांचं नाव कायद्यात आलं, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायचे हेही आलं. असंघटित कामगारांसाठीच्या सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद केली की आधारला जोडलेला बारा अंकी क्रमांक मिळतो आणि कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याच क्रमांकावर कामाचे महिने, पार्सलं आणि वाहनाचा प्रकारही चढवा. आकडे कंपन्यांकडे रोजच्या रोज तयार असतात. तारे नका देऊ हवं तर, ते पाऊस पडला तरी कमी होतात.

आज धायरीहून निघणाऱ्या माझ्या गाडीवर दोन मुलं आहेत. त्यांच्या आधीचा एक गेल्या दिवाळीनंतर चाकणच्या गोदामात लागला, डिस्पॅचला, महिन्याच्या पगारावर. जाताना त्याला मी साध्या कागदावर लिहून दिलं होतं: सतरा महिने, पिनकोड ४११०४१, रोकडीत घट नाही, गाडीला ओरखडा एक. तिथल्या साहेबांनी तो कागद वाचून मला फोन केला आणि विचारलं की ओरखडा कसा पडला. नऱ्ह्याच्या चढावर, पुढचा टेम्पो मागे आला, असं सांगितलं. त्यावर शिक्का हवा म्हणाले, तर तोही आता करून घेतलाय, ऐंशी रुपयांत.

आपला,
एक पार्सलवाला, धायरी, पुणे