पळून गेल्यानंतरची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत गुलामगिरीतून पळून पुढे तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे. पण न्यूयॉर्क येताच तो थांबतो आणि ‘डग्लस स्वतंत्र झाले’ असं म्हणून मोकळा होतो. ते खटकलं, म्हणून हे पत्र.

३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाच्या वेशात, मित्राचे, स्वतंत्र खलाशी असल्याचे कागद खिशात घालून ते बाल्टिमोरहून आगगाडीत बसले, हे लेखात आलंय. त्यांच्या होणाऱ्या पत्नीने, ॲना मरेने, या प्रवासासाठी आपली पुंजी मोकळी केली, पिसांची गादी विकली, हे मात्र आलेलं नाही. ॲना स्वतः गुलाम नव्हती. या माणसासाठी तिने आपलं बस्तान उठवलं.

आणि न्यूयॉर्कला पोचून सुटका कुठे झाली? तिथे ओळखीचा एक पळालेला गुलाम भेटला. त्याने बजावलं, इथे कुणावर विश्वास ठेवू नकोस, पकडून देणारे जागोजागी आहेत. डग्लस यांनी धक्क्यावर पिंपांच्या आडोशाला रात्र काढली. १७९३ च्या कायद्याने मालकाला उत्तरेतल्या, गुलामगिरी नसलेल्या राज्यांतूनही पळालेला माणूस ओढून नेता येत होता. म्हणून तर त्यांनी बेली हे आडनाव टाकून जॉन्सन घेतलं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी गेल्यावर डग्लस.

मला सगळ्यात भिडतो तो तिथला कोळशाचा प्रसंग. एका घरासमोर कोळसा पडलेला दिसला. आत विचारून त्यांनी तो उचलून ठेवला. बाईंनी मजुरी विचारली, तर म्हणाले, तुम्हीच ठरवा. हातावर अर्ध्या डॉलरची दोन चांदीची नाणी पडली. बाल्टिमोरला आठवड्याचे सहा डॉलर कमावून मालकाच्या हवाली करायचे आणि त्याची मर्जी असली तर सहा सेंट परत मिळायचे! हे नाणं मात्र मागायला कुणी येणार नव्हतं.

पण याच गावात, जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवायचं हातचं कसब असूनही, ते काम त्यांना मिळालं नाही. हा कामाला लागला तर आम्ही हत्यारं खाली ठेवू, असं गोरे कारागीर म्हणाले. मग लाकडं फोडली, ओझी वाहिली, निम्म्या मजुरीवर. कायद्याने ते मोकळे झाले १८४६ मध्ये, इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी मालकाला १५० पौंड मोजले तेव्हा. म्हणजे पळाल्यावर तब्बल आठ वर्षांनी.

मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून पळालेल्या हॅरिएट टबमन यांचंही तसंच. १८४९ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाऊल ठेवलं तर स्वागताला कुणीच नव्हतं, माणसं सगळी मागे मेरीलँडमध्ये. म्हणून त्यांना सोडवायला त्या पुन्हा पुन्हा परत गेल्या. पळालेल्यांना पकडण्याच्या १८५० च्या आणखी कडक कायद्याने उत्तरेतली राज्यंही धोक्याची झाली, तेव्हा आपल्या लोकांना थेट कॅनडात, सेंट कॅथरिन्सपर्यंत नेऊ लागल्या.

डॉन, बक्स्टन अशा कॅनडातल्या वस्त्यांमध्ये या लोकांनी जंगल तोडून शेती केली, शाळा काढल्या. पुढच्या एखाद्या पुरवणीत त्यावर जरूर लिहावं. आणि डग्लस इंग्लंडमध्ये भाषणं देत होते तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्याच लिन गावात बुटांची शिलाई करून मुलं सांभाळणाऱ्या ॲनाला त्यात जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक