लिंबू आणि बशी

येळ्ळूर, बेळगाव
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. काय गा, पुण्याला गेलास आणि पत्र लिहायचं विसरलासच. फोन करतोस खरं, त्यात "जेवलास काय" आणि "पाऊस पडला काय" याच्या पुढं आपण जात नाही. आज मुद्दाम वहीची पानं फाडून बसलोय. फोनवर हे माझ्या तोंडातून निघालं नसतं.

धाकट्याचा पोरगा भरतीची तयारी करालाय. पहाटे राजहंसगडाच्या रस्त्याला पळतो आणि रात्री मोबाईलवर कुठल्या कुठल्या शर्यती बघत बसतो. परवा म्हणाला, "काका, हे बघा, बर्फात पळत्यात आणि मधेच बंदूक मारत्यात." बघायला बसलो तो शर्यत संपेपर्यंत हललो नाही. ताटातलं पिठलं गार झालं, त्यावरून घरात जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

या खेळाला बायथलॉन म्हणतात. मी बघितली ती १८ फेब्रुवारी २०१८ ची, प्योंगचांगच्या ऑलिंपिकमधली पुरुषांची मास स्टार्ट. तीसच्या तीस जण एकदमच सुटतात. त्यामुळं घड्याळाचा हिशेब नाही, पुढं दिसतो तोच पहिला. स्कीवर १५ किलोमीटर, म्हणजे तीन-तीन किलोमीटरचे पाच फेरे. पहिल्या चार फेऱ्यांनंतर फायरिंग: दोनदा पडून, दोनदा उभ्यानं, दर वेळी पाच गोळ्या. पाठीवर कमीत कमी साडेतीन किलोची रायफल. आणि कुठली सांगू? आपलीच, एनसीसीत मारायचो ती पॉइंट टू टू!

टार्गेट ५० मीटरवर. आमच्या दारातून मारुतीच्या देवळाची पायरी असेल तेवढं. पडून मारायचं टार्गेट ४५ मिलिमीटरचं, म्हणजे एक लिंबू. उभ्यानं मारायचं ११५ मिलिमीटरचं, चहाची बशी धर. बशी मोठी म्हणून सोपी वाटते, खरं उभ्यानं मारताना गड्यांचे पाय थरथरताना मोबाईलवरसुद्धा दिसत होते. गोळी चुकली की शेजारच्या १५० मीटरच्या वर्तुळात एक जादा फेरा. दोन चुकल्या तर दोन. तू फिरत असतोस आणि बाकीचे पुढं निघून जातात.

एक गोष्ट मी तीनदा मागं घेऊन बघितली. गडी धापा टाकत येतो, काठ्या बाजूला टाकतो, आडवा पडतो. थंडीमुळं तोंडातून भसाभसा वाफ येत असते. मग ती वाफ थांबते. थांबली की समजायचं, गोळी सुटली. काळा ठिपका पांढरा होतो. पुन्हा वाफ, पुन्हा थांबणं. पाच वेळा.

शेवटी फ्रान्सचा मार्टिन फुर्काद आणि जर्मनीचा सायमन शेम्प, दोघंच राहिले. शेम्प काही ऐरागैरा नव्हे, २०१७ साली होखफिल्त्सनच्या जागतिक स्पर्धेत ह्याच शर्यतीत पहिला आलेला. रेषेवर दोघांनी एकदमच पाय पुढं टाकला. वेळ दोघांची एकच, ३५ मिनिटं ४७.३ सेकंद. फुर्कादला वाटलं, हरलो. रागानं त्यानं काठी आपटली. फोटो बघितला तर बुटाच्या टोकानं तोच पुढं! चार वर्षांपूर्वी सोचीला ह्याच शर्यतीत नॉर्वेच्या स्वेन्सेननं त्याला असंच फोटोत हरवलं होतं. आणि तेसुद्धा रेषेआधीच हात वर करून! म्हणजे काठी आपटली ती नुसती त्या दिवसाची नव्हती.

ती काठी बघितली आणि मला आपला एनसीसीचा कॅम्प आठवला.

तुझ्या लक्षात आहे की नाही कुणास ठाऊक. आदल्या दिवशी माझं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागणं, सगळ्यांत चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी फायरिंगच्या आधी ग्राउंडला तीन चक्कर मारायला लावले. मी पळत पहिला आलो, पहिला पडलो आणि पाचही गोळ्या घाईनं मारून मोकळा झालो. टार्गेटला दोन लागल्या. तू मागनं आलास, पडलास आणि नुसता पडूनच राहिलास. उस्ताद ओरडले, "अरे सो गया क्या?" आम्ही सगळे हसलो. मग तू एकेक करून पाच मारल्यास, चार लागल्या. पुढच्या कॅम्पाला नाव तुझं गेलं.

मी गणपतीपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. पळायला लावून फायरिंग घेणं म्हणजे फसवणूक, असं मी गावभर सांगत फिरलो. तू घाबरून पडून राहिलास, असंही म्हणालो, तुझ्या दादासमोर. आज इतक्या वर्षांनी कळालं, तू वाफ थांबायची वाट बघत होतास. ते तुला कोण शिकवलं होतं, की तुझं तुलाच सुचलं?

आमचे सुभेदार तात्या म्हणतात, हा खेळ मुळात फौजेचाच, बर्फातल्या गस्तीच्या शर्यतीतून आलेला. आपल्या जवानांनाही गुलमर्गला स्की शिकवतात म्हणे. पोरगं तेव्हापासून गुलमर्ग-गुलमर्ग करालंय. आधी सोळाशे मीटर वेळेत मार म्हटलंय.

दिवाळीला येतोस तेव्हा दोन दिवस जादा काढ. गडाच्या पायथ्यापासून वर पळत जायचं. गुडघे दुखतात म्हणून सांगायचं नाही, माझेही दुखतात. वर पोचल्यावर दगडावर लिंबू ठेवून पोराच्या छऱ्याच्या बंदुकीनं पाच-पाच मारायच्या. हरला त्यानं अर्धा किलो कुंदा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू

ता. क. — पडून राहायचं असेल तर सतरंजी तू आण.