सूचना : रविवारचा चहा नव्या कॅफेत

बेळगावच्या टिळकवाडीतल्या सकाळी फिरणाऱ्या सर्व मंडळींना कळवतो, येत्या रविवारी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातली फेरी आटोपून साडेसातला आपण गल्लीच्या तोंडाशी उघडलेल्या नव्या कॅफेत जमणार आहोत. आपल्याच भागातल्या दोघी बहिणींनी तो सुरू केलाय. सुरुवातीच्या दिवसांत शेजाऱ्यांनीच पाठीशी उभं राहायला हवं. चहा आहेच, पण चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली फिल्टर कॉफी जरूर घ्या, फारच छान जमलीय. सोबत दूध तांबूस होईपर्यंत आटवून केलेला आपला कुंदाही ठेवतात. मधुमेहवाल्यांनी बिनसाखरेचं आधीच सांगावं. जागा लहान आहे, त्यामुळे येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवा. बिल ज्याचं त्यानं द्यायचं, उधारी नको. गाड्या दारात लावू नका, शेजारी दवाखाना आहे.