नमुना न लावणाऱ्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या छोट्या बालवाडीत आपण गेल्या पावसाळ्यापासून येत आहात आणि त्याबद्दल मी एकटीने तोंडी आभार मानणे पुरेसे नाही, असे आम्हा सर्व तायांना वाटते. लहान मुलांसाठी हस्तकला घेणाऱ्या इतरांनाही आपण नेमके काय केलेत ते कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

निमित्त होते ते एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराच्या, १९६९ साली प्रकाशित झालेल्या भुकेल्या सुरवंटाच्या चित्रपुस्तकाचे. त्यातला सुरवंट सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या आणि शुक्रवारी पाच संत्री पोखरत जातो आणि पानांवरच्या फळांना खरोखरीची भोके असल्यामुळे मुलांची बोटे त्यांतून आरपार जातात. ही गोष्ट झाली की बहुतेक ठिकाणी हिरव्या कार्डशीटचे गोल आधीच कापून ठेवलेले असतात, ताईंनी केलेला नमुना फळ्यावर लावलेला असतो आणि मुलांनी ते गोल ओळीने चिकटवायचे असतात. सगळे सुरवंट एकसारखे आणि सुबक होतात, पालकांनाही ते आवडतात, पण त्यात मुलाने स्वतः ठरवावे असे काहीच उरत नाही. आपण नमुना लावण्यास सौम्यपणे पण ठाम नकार दिलात आणि माझ्या मते आपली खरी मदत तिथूनच सुरू झाली.

कार्ल पातळ टिश्यू कागदावर स्वतः रंगांचे फटकारे मारत, तो वाळला की त्यातून आकार कापत आणि ते चिकटवून चित्र उभे करत. ही पद्धत आपण आमच्या मुलांच्या हाती जशीच्या तशी दिलीत. बोहरी आळीतून आणलेला पांढरा पतंगी कागद, वाटीभर हिरवा आणि वाटीभर पिवळा रंग, जुने टूथब्रश, भांडी घासायचा स्पंज आणि दात तुटलेला कंगवा एवढ्याच सामानावर मुलांनी पट्टे, ठिपके आणि ओरखडे काढले. कागद दोरीवर वाळत घातले आणि त्यांचे सुरवंट पुढच्या भेटीत केले. आज रंगवलेला कागद आजच वापरायचा नसतो, हे थांबणे चार वर्षांच्या मुलांना जमेल, यावर आपला विश्वास होता आणि त्यांना ते जमले. ज्यांना कात्री धरता येत नव्हती त्यांना आपण कागद फाडू दिलात, कारण चिमटीत धरून कागद फाडताना बोटांना जो व्यायाम होतो तो पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो, हे आपण पालकांना समजावून सांगितलेत. चिकटवण्यासाठी मैद्याची घरी शिजवलेली खळ होती. डोळ्यांसाठी टिकल्या होत्या. मणी आणि प्लास्टिकचे हलते डोळे लहान मुले तोंडात घालतात, म्हणून ते आपण कटाक्षाने टाळलेत.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेची एक एक रांग कापून केलेले सुरवंट तर आजही खिडकीत आहेत. डाग नसलेले ट्रे निवडून ते उन्हात ठेवण्याचे काम आपण स्वतः केलेत. एका मुलीने रांगेतल्या दोनच वाट्या घेतल्या, कारण तिचा सुरवंट नुकताच अंड्यातून बाहेर आला होता. एका मुलाने वाट्या सुट्या करून गोलाकार चिकटवल्या, कारण त्याचा सुरवंट झोपला होता. समोर नमुना असता तर ही दोन्ही कामे चुकीची ठरली असती. आपण कोणाच्याही कामावर ‘छान’ असा शेरा दिला नाहीत. प्रत्येकाला आपल्या सुरवंटाबद्दल विचारलेत आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत पेन्सिलीने खाली लिहून दिलेत. मुलांनी केलेल्या पुस्तकात सुरवंटाने पेरू, चिकू, अंजीर, सीताफळ आणि एक बाकरवडी खाल्ली आहे, आणि पंच मशीनने पाडलेले भोक बाकरवडीलाही आहे.

आपण गोष्टीपाशीच थांबला नाहीत, याचे मला विशेष मोल वाटते. अंगणातल्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी सापडली, तेव्हा आपण प्रत्येकाच्या हातात आळीपाळीने भिंग दिलेत. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवी होते, तिचे खरे पाय पुढच्या बाजूला सहाच असतात, आणि ती कढीपत्ता, लिंबू अशा ठरावीक झाडांचीच पाने खाते, हे आपण एकेका वाक्यात सांगितलेत. त्यानंतर मुलांनी आपापल्या सुरवंटांना पायही जोडले. ते मोजून सहाच असावेत असा आग्रह आपण धरला नाहीत. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावायचा नाही, हे सांगताना आपला आवाज पुरेसा कडक होता, हेही योग्यच झाले.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे पाने, बिया, शिंपले आणि खडे यांतून शिकण्याची साधने उभी केली, हे आम्ही प्रशिक्षणात वाचले होते. तसे काम शहरात, रद्दी आणि पुठ्ठा हाताशी घेऊन कसे चालते, ते आपण आम्हाला दाखवलेत. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर आपण हा वेळ आमच्या मुलांना देत आहात आणि त्यासाठी प्रवासखर्चसुद्धा घेत नाही, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. त्याबद्दल मुलांच्या, पालकांच्या आणि आम्हा सर्व तायांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

मुलांचे पुस्तक सोबत पाठवत आहे. संक्रांतीनंतर दुकानदाराकडे उरलेला पतंगी कागद आम्ही घेऊन ठेवला आहे. पुढची गोष्ट कोणती घ्यावी ते आपण कृपया कळवावे.

आपली नम्र,
बालवाडीतील ताई
पर्वती पायथा, पुणे