यंदा जुलैत आम्ही येत नाही आहोत

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर काही सांगायला गेले की आई "बरं, बरं" म्हणत गॅसकडे उठते आणि बाबा एकदम पावसावर येतात. म्हणून लिहितेय. अंजूला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय. बाबा, तुम्ही भिंग घेऊन बसू नका, आई वाचून दाखवेल.

तर यंदा जुलैत आम्ही येत नाही आहोत. तिकिटं डिसेंबरची करून घेतली. 20 तारखेला रात्री उतरतो, चांगले तीन आठवडे आहोत. आता मला बदला म्हणू नका. तुम्ही म्हणालात तर मी खरंच बदलेन, म्हणून म्हणतेय.

कारण मनूचं आहे. न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉलवाले दरवर्षी अख्ख्या अमेरिकेतून 16 ते 19 वयाची बावीसेक मुलं निवडतात आणि त्यांचा जॅझचा बिग बँड बांधतात. एनवायओ (नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा) जॅझ त्याचं नाव, 2018 पासून चालू आहे. मुलांनी घरी वाजवून व्हिडिओ पाठवायचा असतो. मनूनं थंडीत बेसमेंटमध्ये बसून किती वेळा रेकॉर्ड केलं ते मोजायचं मी सोडून दिलं. एकदा फार सुंदर जमलं, तर नेमकी बर्फ ढकलणारी गाडी गल्लीतून घरघरत गेली. ट्रॉम्बोन खाली ठेवून ही पोरगी जिन्यावर बसून रडली. आणि तिची निवड झाली! जुलैत पर्चेस नावाच्या गावी कॉलेजच्या हॉस्टेलवर राहून तालमी, मग कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम, त्यापुढे दौरा. शिकवणारे शॉन जोन्स, मोठे ट्रम्पेटवाले.

बाबा, पहिला प्रश्न तुमचा असणार, म्हणून लगेच सांगते: एक डॉलरही भरायचा नाही. शिकवणी, राहणं, जेवण, दौऱ्याचा प्रवास, सगळं त्यांच्याकडे. दुसरा आईचा. जेवायला मोठी मेस आहे, आणि बॅगेत मेतकुटाची बाटली मी आत्ताच काढून ठेवलीये. मुली मुलींच्या खोल्यांत. आमच्यापासून गाडीनं दीड तास.

आई, मागच्या वेळी तू विचारलंस, "वरातीत वाजवतात तेच ना गं हे?" मनू रुसली होती. पण तुझं काही फार चुकलं नव्हतं, पितळेची घराणी तीच. बिग बँड म्हणजे साधारण पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि मागे पियानो, गिटार, बास, ड्रम. एवढ्यांनी मिळून एका तोंडानं बोलायचं, आणि मधेच कुणीतरी एकानं उभं राहून मनातलं वाजवायचं. मनूच्या ट्रॉम्बोनला ना पडदे, ना बटणं. नुसती दांडी पुढेमागे. हाताच्या सात जागा असतात आणि त्या कुठेही खुणेनं दाखवलेल्या नसतात, कानानंच शोधायच्या. बोटभर इकडेतिकडे झालं की बेसूर. पट्टी मारायला गुरुजी नाहीत एवढंच, बाकी आमच्या तानपुऱ्यासमोर बसण्यासारखंच.

आणि वाजवून झालं की खाली एक झडप उघडून साठलेलं पाणी फडक्यावर गाळतात. ते पाणी कसलं ते तुला सांगत नाही, तू तिला जेवायला घेणार नाहीस. पण दुसरी गंमत सांगतेच. मोरी तुंबल्यावर आपण वापरतो ना तो रबरी पंप, त्याची दांडी काढतात आणि उरलेली वाटी वाद्याच्या तोंडावर धरून उघडझाप करतात. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला जो नॅन्टन असाच वाजवायचा, ट्रॉम्बोन चक्क माणसासारखा कुरकुरतो. मनूनं आमच्या बाथरूममधला पळवला होता. नवा आणलाय, काळजी नसावी.

तिच्या भिंतीवर मेल्बा लिस्टनचा फोटो आहे. 1956 साली डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर परदेश दौऱ्यावर गेलेली, ट्रॉम्बोन वाजवणारी बाई. "आई, वाजवणाऱ्या सगळ्या पुरुषांत ही एकटी" असं मला ऐकवून झालंय.

बाबा, ह्या गाण्याला स्विंग म्हणतात. कागदावर दोन सूर सारखे लिहिलेले असतात, पण वाजवताना पहिला लांबवायचा, दुसरा आखूड. मी मनूला म्हटलं, हे मला कुणी शिकवायला नको. 'अलबेला'तली गाणी लागली की तुमची बोटं टेबलावर अशीच झुलत पडायची. सी. रामचंद्र आपले पुणतांब्याचे, आणि त्यांच्या बाजूला गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन. ही माहिती तुमचीच, मी फक्त पुढे पोचवली. ते ऐकून मनू सबंध शनिवार 1951 चा तो सिनेमा शोधत होती, आणि सापडल्यावर मला म्हणाली, "आजोबांना हे आधीपासून माहीत होतं?" जणू तुम्ही तिच्यापासून लपवलंत.

तिची आई, म्हणजे मी, का येऊ शकत नाही, हेही तुम्ही मनात विचाराल. रजा एकूण पंधरा दिवस, ती डिसेंबरला लागणार. निखिलची जुलैत फिरती आहे. मुलगी अजून अठराची नाही, रात्री-अपरात्री काही झालं तर इथे कुणीतरी हवं. ही सगळी कारणं खरीच आहेत. पण कारणं देता देता माझंच मला हसू आलं. मला तिथे बसून ते ऐकायचंय, बस. गांधर्वच्या प्रत्येक परीक्षेला बाबा हाफ डे टाकून यायचे आणि बाहेरच्या बाकावर पेपर उलटा धरून बसायचे. मध्यमा पूर्णच्या वेळी यमनात माझा निषाद घसरला, तो तुम्हाला भिंतीपलीकडून कळला होता. घरी येताना काही बोलला नाहीत, स्टेशनवर उसाचा रस पाजलात. बारावीला पेटी माळ्यावर गेली त्याचं मी कधी मनात धरलं नाही, आई. तेव्हा घरात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. हे उगीच लिहिलं. वाचून दाखवताना एवढं सोडून दे हवं तर.

आता बाबा, तुमच्या डोळ्याचं. माझ्यासाठी थांबायचं नाही. मोतीबिंदू पिकू द्यायचा असतो हे फार जुनं झालं. डॉक्टर आताच करा म्हणतायत ना, मग ऑपरेशन 11 जूनलाच. पावसाचा जोर वाढायच्या आधी उरकेल, तिसऱ्या मजल्यावरून ओल्या जिन्यानं जा-ये नको. अंजू आठ दिवस राहायला येतेय, तिला मी तिकीट काढून दिलंय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर लावायचं आणि टाकलं की खूण करायची. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून पाणी नाही, वाकून बादली उचलणं नाही, चष्म्याशिवाय गॅलरीत नाही. बाबा, मंडईत तर अजिबात नाही. "दोन लिंबंच आणतो" हेही नाही. साखर आधी तपासून घ्या, ती वाढलेली असली तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतील आणि मग मी खरंच चिडेन.

आई, डब्याच्या पोळ्या चामट असतात हे मान्य. पंधरा दिवस चामट खा. सकाळी फक्त भात टाक. आणि गुडघ्याला पट्टा लावत जा, कपाटात ठेवून तो काम करत नाही.

कार्यक्रम संपून मी बाहेर येईन तेव्हा इथले रात्रीचे दहा म्हणजे तुमचे सकाळचे साडेसात, चहा झालेला असेल. तेव्हा फोन करते, मनूला देते. ती घाईघाईत इंग्रजीत बोलेल, तुम्ही मराठीतच विचारा, उत्तर मराठीत देते ती.

दोघांना नमस्कार,
तुमची
छकू

ता. क. मनूला डिसेंबरात पेटी हवी आहे. तिच्या वाद्याची दांडी पूर्ण आत असताना जो मूळ सूर लागतो तो म्हणे आपली काळी पाच. तो तिला आपल्या पेटीशी जुळवून बघायचाय. आपली काळी पाच दाबली की वर यायची नाही, ती दुरुस्त करून घ्या. माळ्यावरून काढायला अंजूच्या नवऱ्याला बोलवा. आई, स्टुलावर तू चढायचं नाहीस.