फोनवरच्या सल्ल्याला विमा द्या, पण आधी ‘पाठपुरावा’ कशाला म्हणायचे ते ठरवा

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

फोनवर घेतलेल्या वैद्यकीय सल्ल्याचे पैसे विम्यातून मिळावेत, असे आमचे म्हणणे आहे. व्हिडिओला दमदार इंटरनेट लागते. साधा कॉल नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून, बटणांच्या फोनवरूनही लागू शकतो. आपल्याच मंत्रालयाची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मुख्यतः फोनवरच चालते. म्हणजे फोनवरून उपचार होतात की नाही, हा वाद सरकारपुरता मिटलेला आहे. अडते ते नियमांच्या व्याख्येत.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी व्हिडिओ, फोन आणि मजकूर अशी तिन्ही माध्यमे मान्य केली, पण औषधांच्या याद्या माध्यमाला बांधल्या. पहिलाच सल्ला फोनवर असेल तर डॉक्टर ‘ओ’ यादीतलेच देऊ शकतात: पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या गोळ्या. ‘ए’ यादीतल्या औषधांसाठी पहिला सल्ला व्हिडिओवर हवा. मधुमेहात मेटफॉर्मिन या औषधाला जोड म्हणून सिटाग्लिप्टिन सुरू करायचे, तर ते ‘बी’ यादीत येते आणि फक्त पाठपुराव्यात देता येते.

आता पाठपुरावा म्हणजे काय? त्याच डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांशी झालेला सल्ला. ऑनलाइन सल्ला देणाऱ्या कंपन्यांचा धंदा मात्र ‘रांगेत जो डॉक्टर मोकळा असेल तो’ या तत्त्वावर चालतो. सोमवारी एका डॉक्टरने साखर पाहिली आणि गुरुवारी दुसऱ्याने फोन उचलला, तर कंपनीच्या पडद्यावर तो पाठपुरावा दिसतो, नियमाच्या दृष्टीने तो पहिला सल्ला असतो. मग डॉक्टरने ओआरएसवर थांबायचे की नियम मोडून चिठ्ठी लिहायची?

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. रुग्णाने दोन महिन्यांपूर्वी त्याच डॉक्टरांशी त्याच आजारासाठी व्हिडिओवर बोलणे केले असेल, पण प्रत्यक्ष भेट कधीच झाली नसेल, तर आजचा फोन ‘पहिला’ ठरत नाही, कारण सहा महिने उलटलेले नाहीत. ‘पाठपुरावा’ही ठरत नाही, कारण प्रत्यक्ष तपासणी नाही. दवाखाना नसलेल्या, निव्वळ ऑनलाइन कंपनीचे बहुतेक जुने रुग्ण याच फटीत सापडतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नवे नियम आले आणि त्याच ऑगस्टमध्ये स्थगितही झाले, त्यामुळे फट तशीच आहे. या फटीवर विम्याचे पैसे ओतले तर दावा तपासणारा प्रत्येक जण आपापला अर्थ लावेल.

विम्याची बाजूही पाहावी. विमा नियामकाने ११ जून २०२० रोजी सांगितले की पॉलिसीत डॉक्टरांचा सल्ला समाविष्ट असेल तिथे टेलिमेडिसिनही धरावे. पण आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत सल्ल्याचे पैसे रुग्णालयात दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस एवढ्यापुरतेच मिळतात. आयुष्मान भारतमध्ये तर आधीचे ३ आणि नंतरचे १५ दिवस. मधुमेहाचा फोन या चौकटीत बसतच नाही.

पैसे कसे द्यायचे, यावर कंपन्यांची वागणूक ठरेल. कॉलमागे दर दिला तर एका तक्रारीचे तीन कॉल होतील. माणशी वार्षिक रक्कम दिली तर फोन उचलायला उशीर करण्यातच फायदा. आमच्या मते दर कॉलला नव्हे, आजाराच्या एका टप्प्याला लावावा: १४ दिवसांत त्याच तक्रारीचे कितीही फोन झाले तरी देयक एकच.

मिनिटे मोजायचीच असतील तर नीट मोजावीत. कंपन्या मधला क्रमांक वापरून दोन बाजू जोडतात. अनेकदा आधी रुग्णाची बाजू लागते, मग डॉक्टरची. मधली धून आणि वाट पाहणे रुग्णाच्या बाजूच्या नोंदीत धरले जाते. त्यामुळे डॉक्टरची बाजू जोडली गेली तेव्हापासूनची वेळच ग्राह्य धरावी. ओटीपीवरही फार भिस्त ठेवू नये. तो सिमकार्ड ओळखतो, रुग्ण नव्हे. पुण्यातला मुलगा गावातल्या आईसाठी फोन करतो तेव्हा ओटीपी मुलाचा आणि गोळ्या आईच्या.

दाव्यासोबत डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, माध्यम, शेवटच्या प्रत्यक्ष तपासणीची तारीख, रक्तदाब किंवा साखरेचा आकडा व तो कोणी मोजला, आणि औषध कोणत्या यादीतले, एवढी नोंद पुरे. बोलण्याचे ध्वनिमुद्रण सक्तीचे करू नये. मानसिक आजाराचा रुग्ण ते ऐकूनच फोन ठेवेल.

अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, ३० एप्रिल २०२० रोजी फोनवरच्या सल्ल्याचे दर प्रत्यक्ष भेटीच्या जवळ नेले. रुग्णाला व्हिडिओ जमत नसेल किंवा नको असेल तर घरून फोनवरचा सल्लाही तिथे आता चालतो. पण यातल्या बऱ्याच सवलती मुदतीवर टांगलेल्या होत्या आणि १ ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारी कामकाज ठप्प होताच त्या संपल्या. नोव्हेंबरमध्ये त्या परत मिळाल्या खऱ्या, पण मधले सहा आठवडे पैसे येतील की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडे मुदतवाढीचा हा खेळ नको.

तेव्हा विम्याच्या कलमाआधी व्याख्या बदला. व्हिडिओवर झालेली पहिली तपासणीही पाठपुराव्यासाठी धरा, आणि ‘तोच डॉक्टर’ऐवजी ‘तीच नोंद समोर असलेला, त्याच शाखेचा डॉक्टर’ म्हणा. मात्र सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष तपासणीची अट मधुमेह आणि रक्तदाबासाठी कायम ठेवा. पायाची जखम फोनवर दिसत नाही.

आपले,
दूरवैद्यक सेवेतले काही डॉक्टर आणि विमा-दावे तपासणारे